छापखान्यातून रुपेरी पडद्यावर : ठसेकार फाळके

१/
दादासाहेब फाळके यांची कथा बहुधा एका खेळापासून सुरू केली जाते : मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि चित्रपटाचा ध्यास घेतला. त्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. पडद्यावरील त्यांच्या चमत्कारांचे मूळ मात्र त्याआधीच्या वीस वर्षांत आहे.

२/
जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश. १८९० पासून बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण, प्रतिमा घडवणे आणि छपाईचे ठसे तयार करणे या विद्या त्यांनी आत्मसात केल्या.

३/
पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, नाटकांचे पडदे रंगवले, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली. जादूचे प्रयोगही ते करीत. त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून त्यांनी नाव घेतले होते : प्रोफेसर केळफा!

४/
वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वातावरणात त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. रविवर्मा प्रेसचे कामही ते करीत. छापखाना पुढे दादरला आला व 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीस गेले.

५/
त्या काळच्या शिळाछापाची रीत समजून घेणे येथे आवश्यक आहे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा असे. एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जाई आणि दर वेळी नवा रंग पूर्वीच्या रंगावर अचूक बसावा लागे. केसभर चूक झाली, तरी देवीचा ओठ गालावर सरकत असे.

६/
धंद्याची भरभराट होत असतानाच भागीदाराशी मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. जम बसवलेला छापखाना मागे राहिला. हातातील विद्या तेवढी बरोबर आली. चित्रपटाचा ध्यास जडला तो यानंतर.

७/
विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचा वेल वाढतानाचा लघुपट केला. त्यासाठी अनेक दिवस थोडी थोडी फिल्म फिरवून वेलाची वाढ टिपली. दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली.

८/
'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, चित्रित फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती. पडद्यावरील नामावलीत न दिसणारे हे श्रम इतिहासाने विसरता कामा नयेत.

९/
आता चमत्कारांची युक्ती पाहू. कॅमेरा थांबवावा, नटाने बाजूला व्हावे, कॅमेरा पुन्हा सुरू करावा : देव अंतर्धान पावतो. चौकटीचा एक भाग झाकून चित्रण करावे, फिल्म मागे फिरवावी, मग उरलेला भाग चित्रित करावा : एकच नट दोन ठिकाणी दिसतो.

१०/
या दुसऱ्या युक्तीत एकाच फिल्मवर दोनदा छाप उमटते आणि दोन्ही छापा तंतोतंत जुळाव्या लागतात. शिळाछापातील कागदाचे शास्त्रही हेच होते. कॅमेरा हाताने फिरवायचा असल्याने मोजमाप चुकले, तर सारे दृश्य वाया जाई.

११/
या कौशल्याला पुढे बहर आला. 'लंका दहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली आणि पाण्याखाली कालियाशी झुंजताना दिसली.

१२/
नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतही भागीदारांशी खटके उडाले. छापखान्यातील इतिहासाची ही पुनरावृत्तीच होती. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

१३/
त्यांचे बहुतेक चित्रपट आज नष्ट झाले आहेत, काहींचे तुकडेच उरले आहेत. ते पाहताना 'चित्रपटसृष्टीचे जनक' ही पदवी क्षणभर बाजूला ठेवावी. दर चमत्कारामागे शाईने माखलेल्या हातांचा, छाप अचूक बसवणारा एक कारागीर दिसेल.