काड्यापेटी आणि झीरो

गेल्या शनिवारी रात्री मी अकरा वेळा मेलो. स्थळ: प्रशांत महासागर, साल १९४२. मी अमेरिकन नौदलाच्या वाइल्डकॅटमध्ये, आणि मारेकरी म्हणजे माझा रूममेट, शेजारच्या खोलीत जपानी झीरो घेऊन बसलेला. :) 'आयएल-टू स्टर्मोविक १९४६' हा खेळ २००६ चा, पण आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर अजून झकास चालतो.

मी वळलो की तो माझ्याहून लहान वर्तुळात वळायचा. मी वर चढलो की तो आधीच वर! अकराव्या मरणानंतर मी चिडून म्हटलं, "हे विमानच भंगार आहे." रविवारी सकाळी चहा पिता पिता जरा वाचायला घेतलं, तर कळलं की ही तक्रार फार जुनी आहे.

१९४१ मध्ये जॉन थॅच हा अमेरिकन नौदलातला स्क्वाड्रन प्रमुख कॅलिफोर्नियात होता. झीरोबद्दलचा एक गुप्त अहवाल त्याच्या हातात पडला. चढण्यात आणि वळण्यात हे विमान वाइल्डकॅटच्या पुढे होतं. नवीन विमान मागून लगेच मिळणार नव्हतं. म्हणजे हार्डवेअर तेच, बदलायचं तर सॉफ्टवेअर! थॅच रात्री घरी टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसायचा. एक काडी आपली, एक शत्रूची. आमच्या लॅपटॉपच्या कितीतरी आधीचा हा सिम्युलेटर.

त्यातून निघालेली युक्ती अगदी साधी आहे. दोन विमानं शेजारी शेजारी, पण मध्ये वळायला पुरेल एवढं अंतर ठेवून उडतात. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याची पाठ सांभाळायची. तुझ्या मागे शत्रू लागलेला मला दिसला की मी झटकन तुझ्याकडे वळतो. माझं वळणं हाच इशारा, रेडिओची गरज नाही. तूही माझ्याकडे वळतोस. शत्रू तुझा पाठलाग करत येतो, तो नेमका माझ्या बंदुकांसमोर. वेणीच्या पेडांसारखं पुन्हा पुन्हा एकमेकांना ओलांडत राहायचं.

थॅचने हे आधी तपासून घेतलं. आपल्या चार विमानांचे थ्रॉटल पूर्ण उघडणार नाहीत असे त्याने मुद्दाम बांधले आणि बुच ओ'हेअरला पूर्ण ताकदीची चार विमानं घेऊन हल्ला करायला सांगितलं. (शिकागोचा विमानतळ याच्याच नावाचा.) ओ'हेअर नेम धरायला जाई, तेव्हा दुसऱ्या विमानाचं नाक त्याच्याकडेच रोखलेलं असे.

मग ४ जून १९४२, मिडवेची लढाई. यॉर्कटाउन जहाजावरून १२ टॉर्पेडो विमानं निघाली, आणि त्यांच्या रक्षणाला थॅचची फक्त ६ वाइल्डकॅट. पंधरा-वीस झीरो तुटून पडले. एक वाइल्डकॅट सुरुवातीलाच पडलं, एका साथीदाराचा रेडिओ बंद. थॅचने रॅम डिब या तरुण वैमानिकाला बाजूला काढून वेणी सुरू केली. थॅचने तीन झीरो पाडले, डिबने एक. सहापैकी पाच वैमानिक परतले. झीरो असे खाली गुंतलेले असताना उंचावरून आलेल्या बॉम्बफेकी विमानांनी काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू ही तीन जपानी विमानवाहू जहाजं पेटवली.

लक्षात घ्या, अमेरिकनांच्या हाती उडवून पाहण्याजोगा झीरो लागला तो त्यानंतर, जुलै १९४२ मध्ये. म्हणजे ही युक्ती प्रत्यक्ष झीरो तपासायला न मिळता तयार झाली होती.

पण इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. ज्यांच्या रक्षणासाठी थॅच गेला होता, त्या १२ टॉर्पेडो विमानांपैकी एकही जहाजावर परत उतरलं नाही. दहा तिथेच पाडली गेली, उरलेली दोन परतीच्या वाटेवर समुद्रात उतरली. या युक्तीने लढाई हातात येत नाही. कमी ताकदीच्या विमानातला माणूस जिवंत परत येण्याची शक्यता तेवढी वाढते.

रविवारी संध्याकाळी आणखी एका मित्राला लॅपटॉपसकट बोलावलं. दोन वाइल्डकॅट विरुद्ध एक झीरो. पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही एकमेकांवरच आदळलो. :( तिसऱ्या फेरीत मी झीरोकडे बघायचं सोडलं आणि फक्त मित्राच्या शेपटीकडे बघत राहिलो. सवय नसते हो! शनिवारी अकरा वेळा मी फक्त स्वतःची शिकार शोधत होतो.

त्या फेरीत आम्ही झीरो पाडला नाही. पण दोघंही उतरलो.