‘सिमला बीट’ ते ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ : विस्मृतीत गेलेले भारतीय रॉक बँड

आपल्याकडं रॉक संगीत केबल टीव्हीबरोबर आलं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या पंचवीस वर्षं आधीपासून मुंबई, कोलकाता, मद्रास, बंगळूर, शिलाँग इथली कॉलेजची पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन स्टेजवर उभी राहत होती. त्यातल्या बहुतेक बँडची नावंही आज कुणाला आठवत नाहीत. ती पोरं वाईट वाजवत होती असं नाही. त्यांचं रेकॉर्डिंगच फारसं झालं नाही.

सुरुवात कशी झाली?

साठच्या दशकात बीटल्स, शॅडोज, रोलिंग स्टोन्स यांच्या तबकड्या आणि रेडिओ सिलोन हीच या पोरांची शाळा. रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायची, सूर कानानं पकडायचे आणि वाजवायचे. परदेशी गिटारवर जकात भारी, त्यामुळं वाद्यं मिळेल तिथून आणायची, नाहीतर स्थानिक कारागिराकडून करून घ्यायची. कार्यक्रम म्हणजे कॉलेजचे महोत्सव, क्लब, हॉटेलं आणि दुपारची ‘जॅम सेशन’. कोलकात्याहून १९६७ ते १९७७ या काळात निघालेलं ‘ज्युनिअर स्टेट्समन’, म्हणजे पोरांचं लाडकं ‘जेएस’, या बँडची दखल घेई.

सिगारेट कंपनीची स्पर्धा

या काळातला मोठा मंच म्हणजे ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेली ‘सिमला बीट’ स्पर्धा. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात देशभरचे बँड येत. शिलाँगचा ‘फेंटोन्स’, अहमदाबादचा ‘पर्पल फ्लॉवर’, कोइमतूरचा ‘मॉड बीट्स’ ही त्यातली काही नावं. ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ अशा दोन एलपी निघाल्या. त्यातल्या काही बँडचा आवाज आज या दोन तबकड्यांवरच उरलाय. जाहिरातीसाठी काढलेली वस्तू इतिहासाचा पुरावा ठरली.

१९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानातला रॉक महोत्सव झाला. त्याला आजही ‘भारताचं वूडस्टॉक’ म्हटलं जातं.

लक्षात ठेवावीत अशी काही नावं

सॅव्हेजेस (मुंबई) : साठच्या दशकातला गाजलेला बँड. गोव्यातल्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकला शिकायला आले, तेव्हा यात वाजवत. पुढं त्यांनी ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम घरीच रेकॉर्ड केला, वाद्यंही स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. रेमो सगळ्यांना माहीत, सॅव्हेजेस मात्र मोजक्यांनाच.

ॲटॉमिक फॉरेस्ट (मुंबई) : बासवर कीथ कांगा, गायक मधुकर धस. ‘ऑब्सेशन ७७’ हा त्यांचा एकमेव अल्बम. तो बाजारात येईपर्यंत बँड जवळजवळ संपला होता. पुढं परदेशी संग्राहक ही तबकडी शोधू लागले आणि २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ती पुन्हा काढली.

ह्यूमन बाँडेज (बंगळूर) : सत्तरच्या दशकातला दमदार बँड. ड्रमवादक रमेश शोठम पुढं जर्मनीत स्थायिक झाले आणि तालवादक म्हणून नावाजले गेले.

रॉक मशीन (मुंबई) : स्थापना १९८४. मुंबईच्या रंगभवनात रॉकची गर्दी जमायची, त्या पिढीचा हा बँड. महेश टिनाईकर यांची गिटार, उदय बेनेगल यांचा आवाज. १९८८ चा ‘रॉक एन रोल रेनेगेड’ स्वतःच्या गाण्यांचा होता. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं.

मराठीतला दुवा

मराठी माणसाला या पिढीतलं ओळखीचं नाव म्हणजे नंदू भेंडे. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. ‘व्हेल्व्हेट फॉग’ या रॉक बँडमध्ये ते गायचे. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास केला, तर पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकचा बाज मराठी रंगभूमीवर आणला. २०१४ मध्ये ते गेले. नाटक लोकांना आठवतं, बँड आठवत नाही.

विसर का पडला?

पहिलं कारण पैसा. रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा सिनेसंगीतावर चालायचा, इंग्रजी बँडवर पैसे कोण लावणार? दुसरं, नोकरी आणि लग्न. पदवी हातात पडली की बँड फुटायचा. तिसरं कारण भाषेचं. बहुतेक बँड परदेशी गाणी इंग्रजीतच गायचे. त्यामुळं ही गाणी आपली म्हणून जपणारा एकही भाषिक समाज उभा राहिला नाही.

याला अपवाद कोलकात्याचा ‘मोहिनेर घोडागुली’. १९७५ मध्ये गौतम चट्टोपाध्याय यांनी सुरू केलेला हा बँड बंगालीत गायचा. १९७७ ते ७९ मध्ये तीन रेकॉर्ड निघाल्या, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पण नव्वदच्या दशकात बंगाली तरुणांनी त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं. २००६ च्या ‘गँगस्टर’ सिनेमातलं ‘भीगी भीगी’ त्यांच्याच चालीवर बेतलंय. गाणं आपल्या भाषेत होतं, म्हणून त्याला वारसदार मिळाले.

घरातल्या कॅसेटी तपासा

गोवा, बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद, गाव कुठलंही असो, एखाद्या काकांच्या ट्रंकेत कॉलेजच्या बँडची टेप, हँडबिल किंवा फोटो निघू शकतो. दमट हवेत टेपला बुरशी धरते, चुंबकीय थरही झिजतो. बुरशी दिसली तर टेप घाईनं लावून पाहू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मग डिजिटल प्रत काढावी आणि वाजवणाऱ्यांची नावं, गाव, साल लिहून ठेवावं. वाजवणारे आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. नावं विचारायची तर त्यांनाच विचारावी लागतील, आणि आत्ताच.