अकरा ते पाच : पुण्यातील दोन हायस्कुलांचा वाद

पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात १८८४ हे वर्ष दोन घटनांमुळे महत्त्वाचे ठरते. परंतु त्या दोन घटना एकत्र सांगण्याचा प्रघात मात्र नाही. त्या वर्षी २९ सप्टेंबर रोजी मुलींचे हायस्कूल सुरू झाले आणि अवघ्या पंचवीस दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, न्यू इंग्लिश स्कूलच्या चालकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. दोन्ही संस्थांना आधार देणारी मंडळी बरीचशी तीच होती. रानडे, भांडारकर, वेडरबर्न ही नावे दोहोंच्या प्रारंभीच्या इतिहासात येतात. विद्यार्थीही एकाच समाजातले, क्वचित एकाच घरातले : भाऊ एका शाळेत, बहीण दुसरीत. असे असता पहिल्या शाळेच्या मंडळींच्या हातातील वृत्तपत्राने तीन वर्षांच्या आत दुसरीवर शस्त्र धरावे, याचा उलगडा व्यक्तींच्या स्वभावात शोधून पुरेसा होत नाही.

न्यू इंग्लिश स्कूलचा अभिमान कशात होता, हे आधी पाहिले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १८८० च्या जानेवारीत ही शाळा काढली, तेव्हा टिळक व नामजोशी त्यांच्या सोबत होते. आगरकर, वामन शिवराम आपटे मागाहून आले. पाच वर्षांच्या आत विद्यार्थिसंख्या हजाराच्या घरात गेली. १८८२ साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी शाळा पाहिली आणि सरकारी मदत न घेता ही संस्था सरकारी हायस्कुलांशी यशस्वी स्पर्धा करू शकते, असा अभिप्राय दिला. तेथील शिक्षक थोड्या वेतनावर काम करीत. तो त्याग हेच शाळेचे भांडवल होते. आपण कोणाचे मिंधे नाही, ही भावना त्या संस्थेच्या रक्तातच होती असे म्हटले तरी चालेल.

मुलींच्या हायस्कुलाचा जन्म निराळ्या रीतीने झाला. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि वेडरबर्न यांनी त्यासाठी खटपट केली. सरकारी साहाय्य होते, युरोपीय मुख्याध्यापिका होती. पुढे ही शाळा पेशव्यांच्या हुजुरातीच्या पागेच्या जागेवर गेली आणि जुन्या नावाने, 'हुजूरपागा' म्हणून, प्रसिद्धी पावली. घोड्यांच्या जागी मुली आल्या, हा पुण्याच्या इतिहासातील विनोद कोणी मुद्दाम योजला नसेल. पण तो फुकटही गेला नाही. या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानडे यांनी इंग्रजीत भाषण वाचले. घरी परतल्यावर वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांना काय ऐकावे लागले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. हायस्कुलाला पहिला विरोध संपादकाच्या खोलीत झाला नाही. तो माजघरात झाला.

१८८७ साली 'मराठा' पत्राने या शाळेच्या अभ्यासक्रमावर लेख लिहिले. ते टिळकांचे मानले जातात. स्त्रियांना शिकवूच नये, अशी त्यांतील भूमिका नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आक्षेप दोन होते. इंग्रजी व उच्च विषयांचा भार कमी करून मातृभाषा, नीतिधर्म, शिवण यांना प्राधान्य द्यावे, हा पहिला. दुसरा वेळेविषयी : अकरा ते पाच शाळा न भरविता सकाळी किंवा संध्याकाळी सुमारे तीन तास भरवावी, म्हणजे मुलींना घरकाम करता येईल.

चरित्रकार बहुधा पहिल्या आक्षेपाची चर्चा करतात. मला दुसराच अधिक बोलका वाटतो. अभ्यासक्रमावर विद्वानांचे मतभेद होऊ शकतात, आणि परकीय नमुन्यावर मुलींचे शिक्षण बेतावे काय, हा प्रश्न अप्रामाणिक नव्हता. पण अकरा ते पाच ही वेळ मुलग्यांच्या शाळेची, कचेरीची, म्हणजे पुरुषाच्या दिवसाची वेळ होती. ती मुलीला दिली की घरातला तिचा दिवस गेला. शिवाय मॅट्रिकपर्यंत शिकायचे तर वय पंधरा-सोळा होणार. ज्या समाजात दहा-बारा वर्षांच्या आत लग्न उरकत असे, तेथे मॅट्रिक होणारी मुलगी एक तर अविवाहित राहणार किंवा सासरहून शाळेत येणार. दोन्ही गोष्टी घराची घडी मोडणाऱ्या होत्या. वेळापत्रकावरचा तंटा हा वास्तविक विवाहाच्या वयावरचा तंटा होता.

त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगवास पत्करा, असा हुकूम केला होता. बालपणी झालेला विवाह आपल्याला मान्य नाही, असे ही सुशिक्षित स्त्री उघडपणे म्हणत होती, आणि 'केसरी' व 'मराठा' तिच्या विरुद्ध बाजूस उभे होते. हुजूरपागेत भूगोल शिकणाऱ्या प्रत्येक मुलीत विरोधकांना एक रखमाबाई दिसू लागली असल्यास नवल नाही. न्यू इंग्लिश स्कूलमधला मुलगा शिकून वकील किंवा मामलेदार होई आणि घर सांभाळी. बहीण शिकली तर ती प्रश्न विचारील. एकाच घरातील दोन मुलांच्या शिक्षणाचे फळ इतके वेगळे ठरणार, असा तो हिशेब होता.

मात्र पहिली शाळा या बाबतीत एकमुखी नव्हती. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढील वर्षी 'सुधारक' काढला. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे, असे ते लिहीत. म्हणजे हुजूरपागेच्या चालकांच्याही पुढे त्यांची मजल गेली होती. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला, त्याची उघड कारणे पैशाची व शिस्तीची होती : आजीव सदस्यांनी जेझुइट पाद्र्यांप्रमाणे साधेपणाने राहावे व बाहेरची मिळकत करू नये, हा त्यांचा आग्रह इतरांनी मानला नाही. मुलींच्या शाळेमुळे ही फूट पडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि एकमेकांच्या सामाजिक मतांविषयी मने आधीच कलुषित झाली नसती, तर पैशाचा वाद मिटण्यासारखा होता, असे मला वाटते. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळक आणि गोखले परस्परविरुद्ध उभे राहिले, ते दोघेही याच शाळेतले शिक्षक होते.

टिळकांच्या जाण्याने फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी गोखल्यांच्या पुढाकाराने १८९१ साली मुंबईहून एक अबोल शिक्षक आले : धोंडो केशव कर्वे. दोन वर्षांनी त्यांनी विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. आता या विद्यापीठाची रचना पाहावी. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रमात गृहशास्त्र, नमुना जपानचा. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची बरोबरी करण्याचा हट्ट नाही. 'मराठा'ने २९ वर्षांपूर्वी मागितलेल्या पहिल्या गोष्टीतील बराच भाग त्याच्या विरोधकांपैकीच एकाने स्वखुशीने अमलात आणला. दुसरी गोष्ट, म्हणजे तीन तासांची शाळा, कर्व्यांनी कधी मान्य केली नाही. हिंगण्याच्या मुली आश्रमातच राहत. त्यांना पाच वाजता परतायला घर नव्हते.