उमराव आणि रामदेई

लखनौच्या छावणीत माझं पोस्टिंग होतं, तेव्हा रविवारी सकाळी मी चौकात जायचो. निमित्त निहारी-कुलच्याचं. गोल दरवाज्यातून आत शिरलं की सोबतचा स्थानिक मित्र हटकून म्हणायचा, ‘‘साहेब, इथेच कुठंतरी खानमचा कोठा असणार.’’ म्हणजे मिर्झा हादी रुसवांच्या ‘उमराव जान अदा’मधला. कादंबरी १८९९ची. आपल्याला १९८१चा सिनेमा आठवतो, रेखा आणि आशाताईंचा आवाज. मला मात्र त्यातली प्रेमकथा कधीच फारशी भिडली नाही. भिडली ती दोन मुलींची मैत्री.

फैजाबादची अमीरन. तिच्या वडिलांनी दिलावर खानाविरुद्ध साक्ष दिली, म्हणून त्याने सूड घेतला आणि पोरीलाच पळवलं. लखनौत तिला ज्या घरात कोंडलं, तिथे तशीच पळवून आणलेली दुसरी मुलगी होती, रामदेई. जेमतेम ओळख झाली आणि ताटातूट झाली. रामदेई एका बेगमेच्या घरी विकली गेली. अमीरन सव्वाशे रुपयांत कोठ्यावर गेली आणि उमराव झाली.

कंपनीच्या मुलखात १८४३च्या पाचव्या कायद्याने माणसाच्या मालकीचा हक्क कोर्टात चालेनासा झाला होता. पण अवध खालसा झालं ते फेब्रुवारी १८५६मध्ये. तोवर तिथे नवाबाचा अंमल, कंपनीचा कायदा लागू नाही. वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीन मुलगी विकणं हा स्पष्ट गुन्हा ठरला तो १८६०च्या दंडसंहितेत. म्हणजे या पोरींना वाली नव्हता. त्यांना होत्या त्या फक्त एकमेकी, त्याही थोडेच दिवस.

पुढे कितीतरी वर्षांनी कानपुरात एक बेगम उमरावला गाण्यासाठी बोलावते. बोलता बोलता ओळख पटते. ती बेगम म्हणजे रामदेई! एक खानदानी घरातली, दुसरी कोठ्यावरची. त्या काळात केवढं अंतर! रामदेई ते अंतर ठेवत नाही.

आणि रामदेईचा नवरा कोण? नवाब सुलतान. उमरावचा जीव जडलेला माणूस! हे कळल्यावरही उमराव मैत्रिणीपाशी एक शब्द बोलत नाही.

फौजेत आम्ही ‘बडी’ मानतो. खंदकात शेजारी असतो तो, जखमी झालात तर पाठीवर घेऊन येतो तो. त्यामुळे निष्ठा म्हटलं की आम्हाला काहीतरी करणंच आठवतं. पण तरुणपणी माझ्या हातून एक चूक झाली होती, ती माझ्या एका कोर्समेटला ठाऊक होती. आमच्या बायका शेजारी राहायच्या, रोजचं येणंजाणं. तीस वर्षांत त्याने ती गोष्ट घरी काढली नाही, मलाही कधी ऐकवली नाही. उमराव वाचताना मला तोच दिसत राहिला.

एक गंमत सांगतो. गप्प राहिलेली उमराव शेवटी सगळं सांगते ते रुसवांना. रुसवा म्हणजे बदनाम! कादंबरीत हा मित्र तिची कहाणी लिहून काढतो आणि हस्तलिखित तिच्याच हाती ठेवतो. ती इतकी संतापते, की ते फाडून टाकावं असं तिला वाटतं. मग रात्री झोप येत नाही, तेव्हा दिवा जवळ ओढून ती ते वाचायला घेते.