शुद्धीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल मुळातच खारट. त्याचं बिल निसर्गाला पाठवता येत नाही. पण अमरावतीच्या सुकळी कंपोस्ट डेपोत वर्षानुवर्षं साठलेला कचरा निसर्गाने टाकलेला नाही. तो शहराने टाकला. मग ती जमीन स्वच्छ करण्याचा पैसा कोणी द्यायचा? उत्तरासाठी आधी महाडला जाऊ.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी १०८ घागरींचा विधी करून, शेण-गोमूत्र टाकून ते 'शुद्ध' केलं. जी घाण नव्हतीच, ती काढायला त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, मंत्रही होते. आपल्याला मात्र त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ उजाडलं. आणि गावाची खरी घाण? ती उचलायला आपण, आणि टाकायला आपल्याच वस्तीची कड.

मित्रांनो, अमेरिकेतही हेच घडलं. १९८० मध्ये तिथे विषारी जमिनी साफ करण्यासाठी 'सुपरफंड' कायदा झाला. तेल आणि रसायन कंपन्यांवर कर लावून निधी उभा केला गेला. तरीही १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायला कृष्णवर्णीय बहुसंख्येची वॉरन काउंटीच निवडली गेली. ५०० हून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. जागा साफ व्हायला पुढे २ दशकं गेली, तीही सरकारी पैशातून. मधल्या काळात, १९९५ अखेर, कंपन्यांवरचा तो कर संपू दिला गेला आणि भार सामान्य करदात्यावर सरकला.

आपल्याकडे राजस्थानातल्या बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की, जो दूषित करेल त्यानेच भरावं. २०११ मध्येही वसुलीसाठी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तत्त्व मान्य होतं, पैसा मात्र येत नाही.

आता मुंबईचं देवनार बघा. धारावीच्या पुनर्वसनासाठी तिथल्या कचराभूमीची १२४ एकर जमीन ठरली. २०२५ मध्ये महापालिकेने काढलेल्या सफाईच्या निविदेचा अंदाज २,३६८ कोटी रुपये. म्हणजे खर्च जनतेच्या तिजोरीतून, आणि कचऱ्याची जमीन गरिबाच्या नशिबी.

म्हणून वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांनी ३ मागण्या लावून धराव्यात. एक, जुना कचरा उपसण्याच्या खर्चात मोठ्या आस्थापनांचा आणि कारखान्यांचा वाटा ठरवा. दोन, अनुसूचित जाती उपयोजनेचा एक रुपयाही त्याकडे वळवू नका; तो निधी आपल्या शिक्षण-रोजगाराचा आहे, शहराच्या घाणीचा नाही. तीन, माती आणि भूजल तपासून अहवाल मराठीत जाहीर करा. त्यानंतरच जमिनीचा वापर ठरवा आणि त्यात पहिला हक्क शेजारच्या वस्तीला, सफाई कामगारांना आणि कचरा वेचणाऱ्यांना द्या.

ज्यांनी शंभर वर्षं दुसऱ्याची घाण उपसली, त्यांनीच सफाईचं बिलही भरायचं? हा हिशेब आपण ग्रामसभेत आणि महापालिकेत मागितला नाही, तर आपल्या वतीने तो कोणीही मागणार नाही.

जय भीम!