नीरा खोऱ्यातली खारजमीन : बिघाड कुणाचा, सफाई कुणाची?

मंडळी, पेट्रोल पंपाखालची टाकी गळली की काय होतं, इथून सुरुवात करू. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते खाली मुरत जातं आणि भूजलाच्या पातळीवर तरंगत राहतं. त्यातलं बेंझिनसारखं द्रव्य मात्र पाण्यात विरघळून पुढच्या विहिरीकडे निघतं. अमेरिकेत 1984 साली अशा जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला. तिथे तपासाची रीत ठरलेली आहे : भोकं पाडा, पाण्याची पातळी मोजा, माती तपासा, गळतीचं मूळ शोधा, मग सफाई. जमिनीतले जिवाणू पेट्रोल हळूहळू खातातही, तेवढी निसर्गाची मदत होते.

आता बारामती-इंदापूरकडे या. इथं जमिनीत आणि विहिरीत जे शिरलं त्याला वास नाही, ते पेटत नाही आणि कोणताही जिवाणू ते खात नाही. ते म्हणजे मीठ.

इंदापूर तालुका हा मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीच्या इतिहासात मानाचा तालुका. प्रिंगलची आकारणी फसल्यावर 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी इथूनच सुरू केली. मातीचा रंग बघायचा, खोली बघायची, चुनखडी, उतार असे दोष वजा करायचे आणि प्रत ठरवायची. खोल काळी जमीन वरच्या प्रतीची, तिला सारा जास्त. पावसावरच्या ज्वारीसाठी हा हिशेब बरोबरच होता, कारण काळी माती ओल धरून ठेवते.

पुढे 1876-77 चा दुष्काळ पडला. त्यानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं. 1885 मध्ये पाणी सुटलं, मागे भाटघरचं धरण झालं. जेमतेम वीस इंच पावसाच्या मुलखात बारमाही पाणी आलं, ऊस आला, आणि त्या उपकाराबद्दल कुणी वाईट बोलू नये. पण पंचवीस वर्षांच्या आतच शेतकरी म्हणू लागले, रान चिबडलं, मीठ फुटलं. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) पहिली गेली ती तीच खोल काळी, सखल, वरच्या प्रतीची जमीन.

याचा पहिला पद्धतशीर तपास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि मृदारसायनतज्ज्ञ व्ही. ए. ताम्हणे यांनी केला. नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवरची त्यांची पुस्तिका 1910 मध्ये शेतकी खात्याने काढली. मान यांना आपण खेड्यांच्या आर्थिक पाहणीसाठी ओळखतो, पिंपळे सौदागरच्या त्या प्रसिद्ध अभ्यासामुळे. पण मला त्यांचं हे मातीचं काम जास्त मोलाचं वाटतं. 1916 साली सरकारने सिंचनासाठी एक खास विभाग उघडला, तोच पुढे वाढून खडकवासल्याचं जलसंशोधन केंद्र झाला. तिथे क्लॉड इंग्लिस यांनी पाणथळ जमीन आणि निचरा या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं.

मुळात घडत होतं ते असं. कालव्यातून पाझरलेलं आणि उसाला पाळीपाळीने दिलेलं पाणी मातीखालच्या मुरमात उतरतं, मुरमातून सखल भागाकडे सरकतं. तिथे वाट नसली की पातळी वर चढते. पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आली की दिव्यातलं तेल वातीतून चढावं तसं पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतो. त्यात सोडियम जास्त असला तर चिकणमातीचे कण सुटे होतात आणि जमीन दगडासारखी बसते. हीच चोपण. वरून दिलेलं पाणी मग खाली उतरतच नाही.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. आधी चर, आणि तोही मुरमापर्यंत खोल, कारण खरं पाणी मुरमातून वाहतं. मग चोपण असेल तर जिप्सम, म्हणजे त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेईल. मग पाणी देऊन सुटलेला क्षार धुऊन काढायचा. चर नसताना नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत साबण ओतणं. पण चराला पैसा लागतो नि शेजाऱ्याची संमतीही लागते, म्हणून पोतं आणणं सोपं वाटतं.

आता आमच्या विषयाकडे येतो, कारणाकडे. आपल्या शास्त्रांत उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद आहे. मीठ हे उपादान, ते कातळ झिजून झालेल्या मातीत आधीपासून होतं. पाणी हे निमित्त. पेट्रोलच्या बाबतीत टाकीचा मालक सापडतो, ज्याने घाण केली त्याने निस्तरावं असं म्हणता येतं. इथे दोषी कोण? सरकार म्हणणार, शेतकरी पाणी जास्त देतो. शेतकरी म्हणणार, कालवा पाझरतो. दोघंही खरं बोलतात. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ती पाणी आवरून जास्त गावांत वाटण्यासाठीच. आणि ज्याचं रान बुडालं तो बहुधा खालचा, ज्याने पाणी सोडलं तो वरचा, तेही रीतसर पाणीपट्टी भरून! वरच्याने कोणताही नियम मोडलेला नाही, तरी खालच्याचं नुकसान झालेलं आहे. आपला कायदा अपराधी शोधतो, आणि इथे अपराधाशिवायच हानी झालेली आहे. म्हणून भरपाईची भाषा इथे चालत नाही, वाटणीची चालते. चराचा खर्च वरच्यानेही उचलला पाहिजे, त्याच्या रानात मीठ फुटलेलं नसलं तरी.

आज जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात. 2009 पासून बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. ठिबकने पाणी आवरतं. पण धुतलेलं मीठ नाहीसं होत नाही. ते चरातून ओढ्यात, ओढ्यातून नीरेत जातं, नरसिंगपूरला भीमेला मिळतं आणि पुढे पंढरपूरच्या वाळवंटाशी पोचतं. तिथला शेतकरीही त्याच नदीवर मोटार लावून बसलेला आहे.