नभोवाणी, चित्रपटगीत आणि नावाचा प्रश्न

सरकारी नभोवाणीवरून चित्रपटगीते ऐकवावीत की नाहीत, हा वाद १९५२ साली पेटला. त्या वेळी गोंदियालगतचे कुडवा भंडारा जिल्ह्यात आणि तो जिल्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. या भागाला जवळचे नभोवाणी केंद्र म्हणजे १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे, लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर दूर. कोलंबो त्याच्या कित्येक पट लांब. तथापि लघुलहरींना ते अंतर अडवीत नसे, आणि वादाचा निकाल बहुतांशी याच गोष्टीने लावला.

त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, काशी विद्यापीठात व पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. चित्रपटसृष्टीविषयीची सनातनी नाराजी त्यांच्यापासून सुरू झाली नाही. सरदार पटेलांकडे हे खाते असताना, खासगी आचरणाविषयी लोकापवाद असलेल्या गायक-गायिकांना नभोवाणीची दारे बंद करण्यात आली होती. तो रोख कलावंताच्या चारित्र्यावर होता. केसकरांचा रोख गीतावर व त्यामागील धंद्यावर होता. हा भेद न पाहता त्यांना केवळ सोवळे म्हणून हिणवले गेले, हे न्याय्य नव्हे. संस्थानिकांचा आश्रय सरल्यावर गवयाला पोसणार कोण, हा त्यांचा प्रश्न खराच होता. १९५२ चा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व १९५४ चे संगीत संमेलन ही त्याचीच उत्तरे होत.

प्रत्यक्ष ठिणगी मात्र पडली ती नावावरून. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे फुकट जाहिरात, असे मानून गाण्यासोबत ते सांगणे बंद करण्यात आले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले. (नाव गाळून वस्तू तेवढी ठेवता येते, ही समजूत भाषेच्या अभ्यासकाला तरी भाबडी वाटेल.) गाणी नाहीशी होताच श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ कार्यक्रमात अमीन सायानी गाण्यांची नावानिशी क्रमवारी सांगू लागले. जी प्रसिद्धी रोखावयाची, तिला आठवड्याचा ठरलेला वारच मिळाला, आणि तोही एका टूथपेस्टच्या खर्चाने!

मराठीपुरते पाहता विसंगती अधिक ठळक दिसते. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झाले. छप्पन्न गीते, कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टीत नावारूपाला आलेले. ज्या व्यवसायाने अभिरुची बिघडते असे शासन म्हणत होते, त्याच व्यवसायात घडलेल्या हातांनी सरकारी नभोवाणीला तिचे सर्वांत लोकप्रिय मराठी लेणे दिले. त्या गीतांना कोणी चित्रपटगीते म्हटले नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते सरकारी लहरींवर परतली. केसकर १९६२ पर्यंत पदावर होते. कुडवा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुंबई राज्यात आलेलेच होते.